शब्दांचा सरवा

माणसाला एखादा तरी निरुपयोगी छंद असावा, असे मला पूर्वीपासून वाटत आले आहे. उपयोगी छंद पुष्कळांना असतात. पण त्यांचा लवकरच धंदा होतो आणि मग त्यांतली गंमत जाते. निरुपयोगी छंदाला ती भीती नाही. माझा छंद या बाबतीत अगदी निर्धोक आहे. जुन्या, अडगळीत पडलेल्या इंग्रजी शब्दांचे मूळ अर्थ शोधून काढण्याचा मला नाद आहे. पस्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले; त्यातून पगार मिळाला, पेन्शन मिळाले आणि हा नाद मिळाला. पहिल्या दोहोंविषयी कुणाची तक्रार नाही. तिसऱ्याविषयी मात्र आमचे शेजारी मधूनमधून म्हणतात, "सर, पोरांना चालू इंग्रजी येईना, आणि तुम्ही मेलेलं कशाला उकरता?"

त्यांचे म्हणणे वरवर रास्त आहे. कोल्हारसारख्या गावी, प्रवरेच्या काठी बसून असले शब्द शोधायचे म्हणजे वाळवंटात होडी शोधण्यासारखेच कुणालाही वाटेल. पण वाचकहो, खरी मौज इथेच आहे. हे शब्द शोधायला मला दूर जावे लागत नाही. त्यांतले कितीतरी आमच्या शिवारात, बांधावर आणि एस.टी. स्टँडवर रोज भेटतात. फक्त त्यांना त्यांचे कूळ विचारावे लागते.

गावाच्या नावापासूनच पाहा. नदीच्या या काठाला आमचे कोल्हार बुद्रुक, पलीकडे कोल्हार खुर्द. नगरहून मनमाडकडे जाणारा रस्ता आधी खुर्दला भेटतो आणि पूल ओलांडून बुद्रुकात येतो. ‘बुद्रुक’ म्हणजे फारसीतला ‘बुजुर्ग’, थोरला. ‘खुर्द’ म्हणजे धाकटा. राज्ये गेली, फारसी गेली, कागदावरची मोहोर गेली. पण थोरला-धाकटा हे नाते गावांनी जपून ठेवले आहे. जी गोष्ट फारसीची गावाच्या नावात, तीच इंग्रजीची शिवारात.

आमच्याकडे अडाण्यातल्या अडाणी माणसालाही ‘एकर’ कळतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर हेक्टर आणि आर येऊन कैक वर्षे झाली, पण सोयरीक ठरवताना मुलीचा बाप अजून "एकर किती?" असेच विचारतो. हा शब्द सरकारी कचेरीतून आला, तो मोजणीदाराच्या साखळीबरोबर आला, म्हणून आपल्याला तो साहेबी वाटतो. पण मुळात तो शेतकऱ्याचा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘शेत’. पुढे एका दिवसात बैलांच्या औताने जेवढी जमीन नांगरून होई, तेवढीला तो शब्द लागला. आपल्याकडे ‘दोन औतांची जमीन’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. त्याहून गमतीची गोष्ट ही, की वेदातला ‘अज्र’ हा शेताचा शब्द आणि इंग्रजांचा ‘एकर’ ही एकाच मूळ घराण्यातली भावंडे आहेत. लहानपणी हरवलेला भाऊ साहेबाची टोपी घालून परत यावा आणि घरच्यांनी त्याला ओळखू नये, तसे हे झाले.

‘फर्लांग’ हा तर याहून गोड शब्द. मैलाचा आठवा भाग, दोनशे वीस यार्ड, असे आम्ही शाळेत घोकले. पूर्वी रस्त्याच्या कडेला फर्लांगाचे दगडही असत. किलोमीटर आल्यावर ते दगड गेले, शब्द मात्र "इथून फर्लांगभर" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिला. त्याचा मूळ अर्थ पाहिला, तर तो ‘नांगराच्या तासाची लांबी’ असा निघतो. तास म्हणजे घड्याळातला नव्हे, नांगराने पडलेली रेघ. बैलांनी एका दमात ओढावे असे एक लांब तास, त्याचे नाव फर्लांग. इंग्लंडातले बैल कधीच गोठ्याबाहेर गेले, तिथला नांगर ट्रॅक्टरला लागला, शब्दातला बैल तिथल्या कुणालाच दिसेनासा झाला. आता हा शब्द त्यांच्याकडे घोड्यांच्या शर्यतीपुरता उरला आहे!

आमच्या मुलखाचे दैव पालटले ते कालव्यांनी. अकोल्याच्या डोंगरात भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, त्याला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव मिळाले आणि प्रवरेचे पाणी पाटांतून खाली उतरले. त्या पाण्याबरोबर कितीतरी शब्द वाहत आले. ‘कॅनॉल’ हा त्यांतला मुख्य. मोठा तो कॅनॉल, धाकटी ती चारी. हा शब्द लॅटिनमधल्या ‘कॅन्ना’ या शब्दापासून निघाला. त्याचा अर्थ बोरू, पोकळ कांडे. पोकळ कांड्यातून पाणी वाहते, म्हणून नळी, आणि नळीवरून कालवा. आता त्याच बोरूपासून इंग्रजीत ‘केन’ झाला, म्हणजे आपला ऊस. कॅनॉल आणि केन ही सख्खी भावंडे आहेत, हे इंग्रजांच्या बापजन्मी ध्यानात आले नसेल. पण कोल्हार-लोणीच्या शेतकऱ्याला ते शब्दकोशाशिवाय कळले होते. जिथे कॅनॉल गेला तिथे मागोमाग ऊस आला.

आणि उसामागून कारखाना. जवळच प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याने आमच्या बोलीत एक शब्द कायमचा बसवला, ‘शेअर’. "कारखान्यात शेअर आहे" हे वाक्य आमच्याकडे "घरचं बरं आहे" याच्याऐवजी चालते. एके दिवशी मी हा शब्द उकरून पाहिला आणि थक्क झालो. इंग्रजीत ‘शेअर’ म्हणजे भाग, आणि ‘शेअर’ म्हणजेच नांगराचा फाळ! दोन्हींच्या मुळाशी ‘कापणे’ ही एकच क्रिया. फाळ जमीन कापतो, वाटणी मालमत्ता कापते. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? फाळ आणि फाळणी हे शब्द एकापुढे एक ठेवून पाहा. दोन दूरच्या मुलखांतल्या दोन नांगऱ्यांना, एकमेकांचे तोंड न पाहता, एकच गोष्ट सुचली होती.

एक शब्द मात्र मी गावात कुणाला उलगडून सांगितला की हशा पिकतो. तो ‘इंजिन’. विहिरीवर मोटेच्या जागी इंजिने आली, तेव्हा ती सुरू करताना माणसांचा घाम निघे. आमच्या आळीतले एक म्हातारबाबा हँडल मारून दमले की इंजिनाला म्हणत, "अकलेचा खंदक आहेस नुसता!" आता चॉसरच्या काळच्या, म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘इंजिन’ या शब्दाचा अर्थच मुळी अक्कल, उपजत बुद्धी असा होता. मग बुद्धीने केलेली युक्ती, मग युक्तीने केलेले यंत्र, असा तो उतरत आला. उतरताना यंत्र तेवढे राहिले आणि अक्कल गळाली. म्हातारबाबांचे निदान व्युत्पत्तीच्या दृष्टीने अचूक होते.

हे झाले आपल्याकडे येऊन राहिलेले पाहुणे. पण काही शब्द इंग्रजांनी हरवले, आणि त्यांची जोडीदार माणसे आपल्या घरात अजून धडधाकट आहेत. आपण सहज ‘परवा’ म्हणतो. इंग्रजाला मात्र ‘उद्यानंतरचा दिवस’ असे लांबलचक वळण घ्यावे लागते. त्याच्याजवळही एके काळी ‘ओव्हरमॉरो’ असा सुटसुटीत शब्द होता. १५३५ सालच्या कव्हरडेलच्या बायबलात तो सापडतो. पुढे तो कुठे पडला, कुणी उचलला नाही. आपला ‘परवा’ एवढा हुशार, की मागचाही दिवस तोच आणि पुढचाही तोच. क्रियापद पाहून समजून घ्यायचे. शिवाय त्याच्या पाठीवर ‘तेरवा’ आहे. आमची आई तेरव्याचे बेत तेरव्याआधी करीत नसे, पण शब्द तिच्या तोंडात सदा असे. इंग्रजीत ‘सेनाइट’ म्हणजे सात रात्री, एक आठवडा, तो गेला. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री. तो कसाबसा टिकून आहे, आणि अमेरिकेत तोही फारसा कुणी वापरत नाही. जुने इंग्रज दिवस न मोजता रात्री मोजीत, हे या दोन शब्दांवरून कळते. दिवाळी साजरी करणाऱ्या आपल्या लोकांना त्याचे नवल वाटू नये.

या दिवसांत मला हटकून आठवतो तो ‘ॲप्रिसिटी’. हेन्री कॉकरॅम नावाच्या गृहस्थाने १६२३ साली अवघड शब्दांचा एक कोश छापला, त्यात हा आहे. अर्थ : हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. पण तो कोशातच जन्मला आणि कोशातच राहिला, असे म्हणायला हरकत नाही. लोकांच्या तोंडी तो कधी रुळला नाही. आपल्याला कोशाची गरज पडली नाही. अभ्यंगस्नान करून, तेलकट कानांनी, अंगणात फराळाची ताटली घेऊन जिथे बसतो, त्याला आपण ‘कोवळे ऊन’ म्हणतो, आणि ते लहान पोरालाही समजते.

आता ज्या शब्दाने माझ्या या छंदाला खरा अर्थ दिला, त्याच्याकडे येतो.

नगरच्या कॉलेजात असताना आम्हाला कीट्सची शरद ऋतूवरची कविता होती, १८१९ सालची. तीत एक ‘ग्लीनर’ येते. प्राध्यापकांनी सांगितले, "कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे गोळा करणारी गरीब बाई. याला मराठीत शब्द सांगा." वर्गात बहुतेक शहरातली मुले. कुणी ‘वेचणारी’ म्हणाले, कुणी ‘गोळा करणारी’. मी उठून म्हणालो, "सर, सरवा वेचणारी." सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारले, "कुठे वाचलास?" मी म्हणालो, "वाचला नाही. माझी आई वेचते."

वर्ग गप्प झाला. सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "ही कविता मी बरीच वर्षे शिकवतो आहे, पण आज तिच्यातली बाई मला भेटली."

आमची जमीन थोडी आणि कोरडवाहू. वडील दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकीत. ज्वारीची कापणी, भुईमुगाची काढणी उरकली की आई आणि आळीतल्या दोनचार बायका सरव्याला जात. भुईमुगाच्या रानात खुरप्याने ढेकळे उलटायची, शेंग दिसली की ओटीत टाकायची. दिवसभर वाकून शेर-दीड शेर दाणे होत. यालाही रीत होती. मालक "झालं आमचं, आता या" म्हणेपर्यंत बांधावर पाय द्यायचा नाही; आणि मालकानेही रान अगदी झाडून न्यायचे नाही. थोडे मागे राहू द्यायचे. त्याला कुणी दान म्हणत नसे, आणि वेचणारीही त्याला भीक समजत नसे. आई तर ताठ मानेने सांगे, "रानात सांडलेलं ते वेचणाऱ्याचं."

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिला वर्गातली हकीकत सांगितली. ती हातातली भाकरी तशीच धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"म्हंजे, साहेबाच्या मुलखातबी सरवा येचत्यात?"

"पूर्वी वेचत असत."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले आणि म्हणाली, "मग तिथंबी आपल्यासारखी मानसं हायेत म्हनायची."

मला वाटते, इंग्रजी भाषा मी त्या क्षणी शिकलो. तोवर ती मला कलेक्टरची, मोजणीदाराची, लाटसाहेबाची भाषा वाटे. तिच्यात वाकून कणसे वेचणारी बाई असेल, हे ध्यानातच आले नव्हते. पुढे वाचत गेलो तसे उमगले, की इंग्लंडात कित्येक खेड्यांत सरव्याची घंटा वाजे. सकाळच्या घंटेआधी कुणी रानात शिरायचे नाही आणि संध्याकाळच्या घंटेनंतर थांबायचे नाही. ‘झालं आमचं, आता या’ याचीच ती विलायती आवृत्ती. तिथल्या गरिबांना हा आपला हक्क वाटे. पण १७८८ साली एका खटल्यात न्यायाधीशांनी निवाडा दिला, की सरवा वेचणे हा कायद्याने कुणाचा हक्क नव्हे. आईचे म्हणणे त्यांच्या कानावर गेले नव्हते, एवढेच. आज इंग्रजीत तो शब्द पुस्तकांतून माहिती वेचण्यासाठी वापरतात. बाई गेली, क्रियापद राहिले.

त्याच सुमारास ‘लाटसाहेब’ही मला कळला. ‘लॉर्ड’ या शब्दाचे जुने रूप ‘ह्लाफवेअर्ड’. त्याचा अर्थ भाकरीचा राखणदार. जुन्या इंग्रजीत चाकराला ‘भाकर खाणारा’ अशा अर्थाचा शब्द होता. आणि ‘लेडी’? तिच्या मूळ शब्दाचा अर्थ पीठ मळून भाकर करणारी. हा अर्थ मी आईला सांगितला नाही. तिने मला खुळ्यात काढले असते. पण चुलीपुढे, धुराने डोळे चुरचुरत, परातीत पीठ मळणारी आमची आई अगदी मूळ अर्थाने लेडी होती, याबद्दल माझी खात्री आहे. ती पदवी तिला कुठल्या दरबाराने दिली नव्हती, म्हणून काढूनही घेता आली नसती.

आता उलट बाजू पाहा. आपल्या शब्दांचा सरवा एका इंग्रजाने वेचून ठेवला आहे. जेम्स टॉमस मोल्सवर्थ १८१२ साली कोवळ्या वयात हिंदुस्थानात आला, सैन्यात होता. आणि मराठीच्या मागे लागला. शास्त्रीमंडळी आणि कँडी बंधू यांच्या साहाय्याने त्याने मराठी-इंग्रजी कोश केला. १८३१ साली तो छापून निघाला. वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली, तीत साठ हजारांच्या घरात शब्द. त्याच १८५७ साली फ्रान्समध्ये मिले या चित्रकाराने सरवा वेचणाऱ्या तीन बायकांचे ते प्रसिद्ध चित्र पुरे केले, हा योगायोग माझ्या मनातून जात नाही. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ साली मोल्सवर्थ पुन्हा छापला, तेव्हा मी पगारातून पैसे बाजूला काढून तो घेतला. गंमत अशी, की आपल्या नांगराचा, मोटेचा, बैलगाडीचा एकेक अवयव समजावून देताना मोल्सवर्थ आपल्या काळच्या इंग्लंडातल्या शेतकऱ्याचे शब्द वापरतो. ते आता इंग्रजांनाही ठाऊक नाहीत. एका डोळ्याने मराठी वाचायची आणि दुसऱ्याने जुना इंग्रजी कोश उघडायचा, असा माझा अभ्यास चाले. दोन्ही भाषांतले शेतकरी माझ्या टेबलावर समोरासमोर बसत आणि एकमेकांच्या अवजारांची चौकशी करीत.

परंतु अलीकडे या छंदात एक कळ उठू लागली आहे. ‘जुने आणि अपरिचित शब्द’ म्हणून मी इंग्रजी शब्द गोळा करीत होतो. पाहता पाहता माझ्या वडिलांचे शब्द त्याच यादीत येऊन बसले. नाडा, सोंदूर, धाव, मोटवण, कणा, थारोळे : मोटेचा हा सगळा संसार. बैल ज्या उतारावरून मोट ओढीत जात ती धाव. मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा, तिच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. आणि मोट वर आली की पाणी ज्या कुंडात धबाबा ओतले जाई ते थारोळे. उन्हाळ्यात त्या थारोळ्यात आम्ही पोरे बसत असू, आणि वडील मोटेवरून ओरडत, "अंग चोरा, पानी आलं!"

मध्यंतरी मी नव्या पिढीतल्या एका चुणचुणीत तरुणाला ‘थारोळे’ म्हणजे काय, असे विचारले. तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "रक्ताचं असतं ते!" त्याचे चुकले नाही. वर्तमानपत्रांनी तो शब्द तेवढ्यापुरताच जिवंत ठेवला आहे. ज्या कुंडातून पाणी पाटाला लागे आणि गावाला भाकर मिळे, त्याचे नाव आता अपघाताच्या आणि मारामारीच्या बातमीत उरले. फर्लांगातला बैल इंग्रजांना दिसत नाही, याचे मला हसू येत असे. आता थारोळ्यातले पाणी आपल्यालाही दिसेनासे झाले.

मोट गेली याचे दुःख मी करणार नाही. वडिलांच्या तळहाताला पडलेले घट्टे मी पाहिले आहेत. इंजिन आले त्या दिवशी ते पहिल्यांदा दुपारी झोपले. अवजाराने जावे, हे बरोबर आहे. पण शब्दाला अवजाराबरोबर सती जायला कुणी सांगितले आहे? एकर अजून जिवंत आहे, औत गेले तरी.

म्हणून मी एक वही केली आहे. भगवतीच्या देवळाच्या ओट्यावर संध्याकाळी म्हातारी माणसे बसतात, त्यांच्यात जाऊन बसतो. बोलता बोलता एखादा शब्द सांडतो, मी उचलतो. घाई करीत नाही. सरव्याची रीत मला ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीत पुण्याहून नात आली होती, सात वर्षांची. चार दिवस माझ्या मागे मागे होती. भाऊबीज झाली, फराळाचे डबे भरायची वेळ आली. तिच्या आईने विचारले, "मग, कधी निघायचं? उद्या की परवा?"

पोरगी माझ्या आड दडली आणि म्हणाली, "तेरवा!"

घरात सगळे हसले. मी वही उघडली नाही. पोराच्या तोंडी असलेला शब्द वहीत उतरवण्याचे कारण नव्हते.